बंदर बंद पडत नाही, आण्णा

एस्बियर, डेन्मार्क
१२ डिसेंबर

ती. आण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. दोन स्वेटर, कानटोपी, वेळेवर जेवण. आई फोनवर जे विचारते ते सगळं आधीच सांगून टाकलं. चारच्या आत अंधार पडतो, एवढंच.

आण्णा, तुम्ही दोनदा विचारलंत, पवनचक्क्यांचं काम संपलं की पुढं काय? अहो, हे गावच धंदे बदलत वाढलंय. १८६४च्या लढाईत डेन्मार्कचा दक्षिणेकडचा मुलूख गेला, तिकडची बंदरंही गेली. म्हणून १८६८ साली कायदा करून या ओसाड किनाऱ्यावर बंदर बांधायला घेतलं, इंग्लंडला शेतमाल धाडायला. मग मासेमारी वाढली, ती ओसरेपर्यंत तेल-वायूवाले आले. २००२ साली इथून जवळच समुद्रात ८० पवनचक्क्या उभ्या केल्या, तेव्हापासून हेच चालू आहे. आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या यांच्यापुढं खेळणी वाटतील. परवा एक पातं क्रेनला लटकलेलं, आम्ही चौघं खालून दोर धरून. वारा वाढला, मुकादमानं हात वर केला, काम बंद. दोन तास नुसती कॉफी. वाऱ्याचं काम वाऱ्यानंच अडतं! हेल्मेट, पट्टा सगळं असतं, काळजी नको.

इथली एक गोष्ट मात्र कळायला वर्ष गेलं. कुणाकडं जेवलात की उठताना आभार मानायचे, निघताना पुन्हा मानायचे. एवढ्यानं भागत नाही. महिन्यानं तो माणूस भेटला तरी आधी ‘टक फॉर सिस्ट’, म्हणजे मागच्या वेळेबद्दल आभार. मी एकाला नुसतं ‘हाय’ म्हणालो, तर तो तसाच उभा, अजून काहीतरी राहिलंय म्हणून. आपल्या मामीला पुरणपोळीबद्दल असे तीनदा आभार मानले तर म्हणेल, परका झालास का रे?

सोसायटीच्या हप्त्याबरोबर गोठ्याच्या पत्र्यांचेही पैसे टाकलेत. सुमीचं मे महिन्यात ठरतंय हे वाचून फार बरं वाटलं. माझ्यासाठी मुहूर्त पुढं ढकलू नका. उन्हाळ्यात समुद्र शांत असतो, तेव्हाच आमची सगळी घाई. रजा मागितलीय, साहेब ‘बघू’ म्हणालेत. सुमीला तुम्ही काही बोलू नका, मीच सांगेन. नाहीच जमलं तर कानपिळीला बाळूला उभा करा. जोरात पिळ म्हणावं. पोशाख मिळेल तो त्यानंच ठेवावा.

तुमचा,
संज्या