सुऱ्याला, सांगलीहून

सांगली, 18 जून

सुऱ्या,

चार महिने पत्र नाही, फोनही उचलला नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. घरी सगळे बरे. आईचा गुडघा तसाच.

तू म्हणालास तेच झालं. दादाच्या अकाउंटवरून निफ्टीचे कॉल घेतले, म्हणजे शेअर बाजाराचा निर्देशांक वर जाईल अशी पैजच, सहा लॉट (गठ्ठे). एक्सपायरीचा दिवस, म्हणजे त्या कॉलची मुदत त्याच दिवशी संपणार. 42 रुपयांनी घेतलेला कॉल साडेतीनला 3 रुपयांवर. साडेसतरा हजार गेले, आणि ते फीसाठी काढलेले होते. दुपारभर मोबाईल पालथा ठेवून बसलो होतो. आई विचारते, डोकं दुखतंय का? म्हटलं, हो.

हे तुलाच का लिहितोय ते तुला कळेल. संगमेश्वराच्या घाटावर भडंग खाता खाता आपण भांडलो होतो. तू म्हणालास, "तुला फायनान्स आवडत नाही, तुला आकडे हिरवे झालेले आवडतात." मी तीन दिवस बोललो नव्हतो. (भडंगाचे पैसे मात्र मीच दिले होते, ते विसरू नकोस.)

आता दोन्हीकडं नाव लागलंय. एकीकडं बीबीए फायनान्स, दुसरीकडं बीएस्सी इकॉनॉमिक्स. दोन्ही पुण्यातच. शनिवारी पाचच्या आत फी भरायची. बाबा म्हणतात फायनान्स कर, बँकेत तरी लागशील. दादा म्हणतो इको करून काय, प्राध्यापक होणार? मी त्याला इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसचं, केंद्र सरकारातल्या अर्थतज्ज्ञांच्या नोकरीचं सांगितलं. त्यालाही अर्थशास्त्रातली मास्टर्स लागते म्हटल्यावर, "म्हणजे अजून पाच वर्षं आम्ही पोसायचं," म्हणाला. ज्याच्या अकाउंटवर मी ही वाट लावलीय त्याला उलट काय बोलू?

पैसे गेल्यावर मी सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, 2024 चा अहवाल वाचला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (माझा कॉल त्यातलाच) उतरलेल्या एक कोटीवर साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. आधी बरं वाटलं, आपण एकटे नाही. मग रात्रभर एकच डोक्यात: हे समोर दिसत असताना नवे लोक येतात कुठून? मी का आलो? पुढचा ट्रेड कसा घ्यायचा हे एकदाही मनात आलं नाही. तू हसशील, पण त्या रात्री मला झोप आली नाही ती पैशांमुळं नव्हे. बरं, थोडी पैशांमुळंही.

आजोबांना सगळं सांगितलं, तेवढेच ओरडत नाहीत. त्यांनी हरिपूरच्या पेवांची गोष्ट काढली. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड बंद, आत हळद. वर्ष-वर्ष किडायची नाही. भाव पडला की पेव उघडायचंच नाही. 2005 च्या पुरात पाणी शिरलं आणि संपलं. म्हणाले, "आमची हळद थांबायची रे. तुझा तो कॉल थांबतो का?" नाही थांबत. मुदत जवळ येईल तशी त्याची किंमत रोज झिजते, बाजार हलला नाही तरी. ट्रेडिंगवाले त्या झिजेला थीटा म्हणतात. हे मला माहीत होतं, तरी कॉल घेतला.

मग म्हणाले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक आणि प्रवरेच्या साखर कारखान्याचेही पहिले अध्यक्ष, त्यांनी कुठं अर्थशास्त्र आणि पैशाचा व्यवहार वेगळे मानले? ऐकायला छान आहे. पण गाडगिळांना शनिवारपर्यंत फी भरायची नव्हती.

खरी भीती वेगळी आहे. इकोला गणित लागतं. कॅल्क्युलसमधले डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, नंतर स्टॅटिस्टिक्स. बारावीत मी पाठ करून निभावलं, आणि प्रिलिमला कुणाचा पेपर बघून लिहिलं ते तुला माहीतच आहे. बीबीएला निभेल. इकोला पहिल्याच सेमिस्टरला उघडा पडेन. म्हणजे मी फायनान्सकडं झुकत होतो ते आवडीनं की या भीतीनं, तेच कळेना.

तुझं कसं चाललंय? मेस बदललीस का? ती केमिकलवाली बोलते का अजून? सबमिशन झालं असेल. बॅकलॉग निघाला हे आईकडून कळलं, पार्टी बाकी.

दादाला उद्या सांगणार आहे. पैसे गणपतीच्या मंडपाच्या कामातून फेडीन. शुक्रवारी रात्री फोन कर, या वेळी उचलीन. आणि तुझी ती कॅल्क्युलसची निळी वही, चहा सांडलेली, फेकली नसशील तर घेऊन ये. जिथं सुटत नाही तिथं तू समासात शिव्या लिहिल्यास, त्या तशाच ठेव.

तुझा,
पम्या

ता.क. आईला साडेसतरा नाही, पाच सांगितलेत. तोंड सांभाळ.