धर्माच्या रकान्यात कोणी लिहायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निपाणीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा अर्ज भरून द्यायचा. शिष्यवृत्ती, रेशन कार्ड, नाडकचेरीतले (तालुक्याखालच्या महसूल कचेरीतले) दाखले. पहिली काही वर्षं मी धर्म विचारतच नव्हतो. आडनाव बघायचं आणि लिहून मोकळं व्हायचं. एकदा 'पाटील' बघून हिंदू ठोकलं, पोरगा निघाला जैन. अर्ज फुकट गेला आणि वर त्याच्या बापाच्या शिव्या खाल्ल्या. रास्तच होत्या. आमच्याकडे पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुसलमानही असतो.

जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं, तेव्हा भोज, बोरगाव, सदलग्याची माणसं शाळा सोडल्याचे जुने दाखले घेऊन दुकानात यायला लागली. एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू जैन', बापाच्या 'जैन चतुर्थ', नातवाच्या नुसतं 'जैन'. तिघंही एकाच बस्तीत (जैन मंदिरात) दर्शनाला जाणारे. बदलले होते ते फक्त हेडमास्तर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कर्नाटक राज्याचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण झालं. दारावर स्टिकर, हातात मोबाइल, साठ प्रश्न. आमच्या शेजारी लिंगायत घर आहे. गणतीच्या बाई आल्या तेव्हा मी कट्ट्यावरच होतो. धाकटा म्हणाला, "हिंदू लिहा." थोरला आतून ओरडला, "लिंगायत लिहा, धर्म वेगळा आहे आमचा." (राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये तशी शिफारस केली होती, केंद्राने ती मानली नाही. त्या घरात तो वाद अजून जेवणाच्या ताटावर चालतो.) बाईंचं बोट मोबाइलवर अधांतरी. शेवटी काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "इचारलंय कुणाला? मला न्हवं?" मग त्यांनी बाईंना जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं. मला ऐकू आलं, पण इथे लिहीत नाही. रकाना त्यांचा आहे.

घटनेच्या २५व्या कलमात धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलंय. काकूंनी ते कलम वाचलेलं नाही, पण त्या दिवशी पाळून घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि 'मला धर्म नाही' म्हणायचाही हक्क आहे. निकाल दूधगंगेपलीकडचा आहे, मान्य. पण घटना नदीच्या दोन्ही काठांना एकच आहे. आणि आमच्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बजावलं की या सर्वेक्षणात माहिती देणं ऐच्छिक आहे आणि तसं लोकांना सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत ते कुणी सांगितलं नाही.

याच्या उलटा प्रकारही आमच्या जिल्ह्यातच घडला. धर्मांतराचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये हलग्याच्या सुवर्ण सौधात (कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनात) विधानसभेने मंजूर केलं. त्यानुसार धर्म बदलायच्या तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, मग ती नोटीस फळ्यावर लागणार आणि लोकांकडून हरकती मागवणार. जबरदस्तीने, फसवून कुणी धर्म बदलायला लावत असेल तर जरूर धरा. पण राजीखुशीने बदलणाऱ्याच्या मनातली गोष्ट तहसीलच्या फळ्यावर, लिलावाच्या नोटिशीशेजारी? जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करायचं ठरवलं, तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या मित्रमंडळींतल्या बऱ्याच जणांना वाटलं नाही.

त्यांना मी एकच गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या मुलीच्या शाळेच्या रजिस्टरात मातृभाषा 'कन्नड' पडली होती. कारकुनाने विचारलंच नाही, कर्नाटकात राहता म्हणजे कन्नडच, असं धरून चालला. दुरुस्तीला मी दीड वर्ष खेटे घातले. माझ्याबरोबर हीच मंडळी तावातावाने भांडायला आली होती, "आमची भाषा ठरवणारा हा कोण?" म्हणून. मग शेजाऱ्याचा धर्म ठरवणारे आपण कोण?

आता जनगणना येतेय, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. गेल्या खेपेस, २०११ ला, देशात २८ लाखांहून जास्त लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' अशी झाली, म्हणजे तोही पर्याय कागदावर आहे. समोरचा सांगेल तोच धर्म लिहायचा, ही सूचना गणतीवाल्यांच्या पुस्तिकेत जुनीच आहे. ती मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारावर लावावी, एवढीच मागणी आहे. माझ्या दुकानात मी लावलीय. खाली पेनने जोडलंय : 'मातृभाषेलाही हेच लागू.'

आपला,
एक अर्ज भरणारा, निपाणी (जि. बेळगाव)