आम्हाला बिल्डिंगखाली तरी उतरू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

कोरोनाचं लॉकडाऊन उठत चाललंय, हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० लाच सुरू झाले, दसऱ्याला जिम उघडल्या, लोकलमध्ये बायकांना पण घ्यायला लागले, पण आमच्या सोसायटीत ६५ च्या वरच्यांनी खाली उतरायचं नाही हा मार्चमधला नियम अजून जसाच्या तसा आहे. लिफ्टमधल्या कागदाचे कोपरे पिवळे पडले तरी कागद काही निघत नाही. आणि कंपाउंडमधला आमचा बाक उलटा करून नायलॉनच्या दोरीने झाडाला बांधून ठेवलाय, पळून जाईल म्हणून बहुतेक.

लॉकडाऊनमध्ये आम्ही घरातच राहायचं असा केंद्राचा आदेशच होता, तेव्हा ते बरोबरच होतं, कोणालाच काही कळत नव्हतं. पण ३० मेला अनलॉकची ऑर्डर निघाली त्यात ६५ च्या वरच्यांना घरी राहायचा सल्ला दिलाय, बंदी नाही घातलेली. राज्याने तर ३ जूनपासून सकाळी चालायला मोकळीक दिली. सिनेमा-मालिकांच्या शूटिंगला ६५ वरच्यांना येऊ देत नव्हते, ती अट मुंबई हायकोर्टाने ऑगस्टमध्ये रद्द केली. मग सोसायटीच्या कमिटीला हा अधिकार दिला कोणी? सेक्रेटरींना विचारलं तर "काका, तुमच्याच काळजीपोटी". बरं, काळजी आहे हे मान्य, आमच्या वयाला हा रोग जास्त जड जातो हेही मान्य, आणि एप्रिल-मेमध्ये कमिटीच्या याच पोरांनी दूध-औषधं दारात आणून ठेवली ते काही मी विसरलेलो नाही.

पण घरात काय चाललंय ते यांना दिसत नाही. मिसेसचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. वन बीएचकेमध्ये चालणार कुठे, चार पावलांत भिंत येते, सारखं वळावं लागतं, आणि नेमका वळतानाच तिचा तोल जातो. दुपारी टीव्हीसमोर डुलक्या, मग रात्री टक्क जागी. वरच्या मजल्यावरच्या आजी एकट्याच राहतात, भांडीवाली बाई हीच त्यांच्याशी रोज बोलणारी, तिलाही गेटवर अडवलं. दूरदर्शनवर रामायण लागत होतं तोवर त्यांचा वेळ तरी जायचा. आता त्या फोनवर तीच गोष्ट परत परत सांगतात, आधी असं नव्हतं. लेक बदलापूरला, लोकल बंद म्हणून इतके महिने येऊ शकली नाही.

आणि गंमत बघा, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलं तर कोणी अडवत नाही, केंद्राने यंदा मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली ते बरंच केलं, पण म्हणजे बँकेच्या बंद हॉलमध्ये गर्दीत उभं राहिलेलं चालतं आणि मोकळ्या हवेत मास्क लावून बसलेलं चालत नाही!

सगळं उघडा असं आमचं म्हणणं नाहीये. सकाळी ६ ते ८ कंपाउंड फक्त ज्येष्ठांसाठी ठेवा, मास्क लावून, एका बाकावर दोघंच. कोणाला खोकला-ताप असेल तर त्याने वरच थांबावं, हे आम्हाला कळतं, आम्ही काही कुक्कुलं बाळं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेने सोसायट्यांना याबद्दल एक साधं पत्रक काढावं, आणि जे म्हातारे एकटेच राहतात त्यांची नावं वॉर्डात लिहून घेऊन आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी फोन करावा.

एक ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली पूर्व