गोळी बदनाम, शेव मोकाट

मा. संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला स्तनाच्या कॅन्सरनंतर वाढणाऱ्या वजनावरचा लेख वाचला. भाषा सुटसुटीत, चित्रही छान. फक्त सल्ला धोक्याचा. 'फारच वजन वाढलं तर टॅमोक्सिफेनला (कॅन्सरनंतर घ्यायच्या हार्मोनविरोधी गोळीला) थोडी विश्रांती द्यावी' हे कोणाला विचारून छापलंत? ही गोळी ५ वर्षं, काहींना १० वर्षं घ्यावी लागते, ती दुखणं उलटू नये म्हणून. गोळी विश्रांती घेईल तेव्हा दुखणंही घेईल, अशी लेखिकेची खात्री दिसते.

टॅमोक्सिफेन आणि औषध नसलेली गोळी यांची तुलना झालेल्या चाचण्यांत दोन्हीकडच्या बायकांचं वजन जवळपास सारखंच वाढलं होतं. वाढतं हे खरं, पण कारणं बहुधा दुसरी: केमोबरोबरची स्टेरॉइड्स, अकाली गेलेली पाळी, कमी झालेली हालचाल. स्नायू झिजतो, त्याची जागा चरबी घेते. (ऑपरेशन झालेल्या बाजूचीच ब्लाउजची बाही दाटू लागली तर ते वजन नव्हे. लिम्फची सूज असू शकते, डॉक्टरांना दाखवावं. एकच पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी.)

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या दुसऱ्या हार्मोनविरोधी गोळ्यांवर असणाऱ्यांचे सांधे सकाळी आखडतात, मग चालणं सुटतं. तिथेही आराम नव्हे, हालचालच कामाला येते. मेघदूत बागेत नुसत्या फेऱ्या मारून भागत नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवंच, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलोचं वजन. हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठबस, भिंतीला तळवे लावून १० वेळा रेटणं. हात जड वाटला नाही, सुजला नाही, तरच पुढचं वजन घ्यायचं. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोलने हाडं विरळ होतात, म्हणून डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून घ्यावी आणि कंबरेत वाकून जड उचलू नये.

आता लेखातला दुसरा सल्ला, 'रात्री फक्त फळं'. अहो, ६० किलोच्या बाईला दिवसाला ६०-७० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर घट्ट वरणात साधारण ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन अंड्यांत १२. सफरचंदात अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. फळांवर झोपलं की उरलासुरला स्नायूही जातो, काटा खाली येतो आणि बाई खूश! इंदुरात पोहे सोडायला कोणी सांगू नये, कोणी ऐकणारही नाही. दोष वरच्या शेवेचा आहे: ३० ग्रॅम म्हणजे १६० कॅलरी, आणि आपल्याकडे ३० ग्रॅमवर हात थांबतो कुठे? तिच्याजागी वाफवलेली मटकी घाला, जिरावण मसाला खुशाल भुरभुरा. तेल पळीने न ओतता ५ मिलीच्या चमच्याने मोजा. एका चमच्याला साधारण ४० कॅलरी.

याच पुरवणीने नवरात्रात साबुदाण्याला 'हलका आहार' म्हटलं होतं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० कॅलरी आणि प्रथिनं १ ग्रॅमही नाहीत. शेंगदाणे नि तूप वेगळं.

आणि लेखाच्या बरोब्बर खाली 'चरबी वितळवणाऱ्या' जडीबुटीच्या पावडरीची पाव पान जाहिरात! टॅमोक्सिफेन यकृतात बदललं की मग नीट काम करतं. हळदीच्या अर्काच्या कॅप्सुलांनीसुद्धा त्यात अडथळा येऊ शकतो (भाजीतली चिमूटभर हळद चालते), मग त्या डब्यात काय काय आहे देव जाणे.

दुरुस्ती छापणार असाल तर लेखाएवढ्याच अक्षरात छापा, आणि त्या दिवशी तरी पावडर दुसऱ्या पानावर हलवा.

— एक आहारतज्ज्ञ वाचक, इंदूर