वाट्याला मॉरिशस आला तर

मा. संपादक,
स. न.

इंदूरच्या शाळा-महाविद्यालयांत संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिरूप सभा, मुलांच्या भाषेत ‘एमयूएन’, आता नेमाने भरतात. कोणी कोणत्या देशाचा प्रतिनिधी व्हायचे याची वाटणी झाली की अमेरिका, रशिया, चीन मिळालेली मुले खूश होतात आणि मॉरिशस किंवा वानुआतू मिळालेल्यांचे चेहरे पडतात. ती मुले मग हवामानबदलावर चार हळवी वाक्ये बोलून खाली बसतात. घरचेही म्हणतात, ‘बिचाऱ्याला किरकोळ देश आला.’ हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हे पत्र.

मॉरिशसचेच घेऊ. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या इंदूर शहरापेक्षा कमी. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला. त्याआधीच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, ब्रिटनने हिंदी महासागरातला चागोस द्वीपसमूह त्याच्यापासून तोडून वेगळी वसाहत केली आणि त्यापोटी ३० लाख पौंड दिले. चागोसमधील दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी हवे होते. १९७३ पर्यंत चागोसच्या सगळ्या रहिवाशांना घरादारावरून उठवण्यात आले.

अशा देशाने दाद मागायची कुठे? सुरक्षा परिषदेत ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनाही नकाराधिकार. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात थेट दावा लावायचा तर समोरच्या देशाची संमती लागते, आणि राष्ट्रकुलातील देशांशी असलेले वाद ब्रिटनने आधीच न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले होते. २००४ मध्ये मॉरिशसने राष्ट्रकुल सोडण्याची भाषा करताच ब्रिटनने हे वाद वगळणाऱ्या आपल्या घोषणापत्रात दुरुस्ती केली. नुसते ‘सदस्य असलेले’ देश होते, तिथे ‘सदस्य असलेले किंवा पूर्वी असलेले’ असे झाले. तेवढ्या दोन-तीन शब्दांनी तीही वाट बुजली.

उरला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा ९६वा अनुच्छेद. त्यानुसार आमसभा न्यायालयाकडे कायद्याच्या प्रश्नावर सल्लागार मत मागू शकते आणि त्याला कुणाची संमती लागत नाही. पण इथेही मेख आहे. दोन देशांतला वाद संमतीवाचून मागच्या दाराने आणला आहे असे वाटले, तर न्यायालय मत द्यायला नकार देऊ शकते. ब्रिटनचा आक्षेप नेमका हाच होता. म्हणून आमसभेपुढच्या ठरावाच्या मसुद्यात ‘चागोस कोणाचे?’ असे विचारलेच नाही. सार्वभौमत्व हा शब्दच प्रश्नात नाही. पहिला प्रश्न असा: चागोस वेगळे काढून १९६८ मध्ये स्वातंत्र्य दिले गेले, तेव्हा मॉरिशसची वसाहतमुक्ती कायद्याने पूर्ण झाली होती का? दुसरा: ब्रिटनचा तिथला कारभार चालू राहिल्याने, आणि बेटवासीयांना परत वसवता येत नसल्याने, कायद्याने काय परिणाम होतात? आधाराला १४ डिसेंबर १९६० चा आमसभेचाच १५१४ क्रमांकाचा वसाहतमुक्तीचा ठराव होताच. जमिनीचा तंटा असा आमसभेच्या स्वतःच्या कामाचा विषय झाला. वाट्याला छोटा देश आलेल्या मुलांनी हे दोन प्रश्न शब्द न् शब्द वाचावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

मसुदा मॉरिशसने एकट्याने नव्हे, तर आफ्रिकी गटाच्या नावाने मांडला. २०१६ मध्ये विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला, ब्रिटनशी बोलणी व्हावीत म्हणून जून २०१७ पर्यंत थांबवला गेला. २२ जून २०१७ रोजी मतदान झाले: बाजूने ९४, विरोधात १५, तटस्थ ६५. भारत बाजूने होता, युरोपातले बरेच देश तटस्थ राहिले. एकूण सदस्य १९३, म्हणजे ९४ हे निम्मेही नव्हेत. तरी ठराव संमत झाला, कारण आमसभेच्या नियमांनुसार तटस्थ देश ‘मतदान केलेले’ धरले जात नाहीत. हिशेब १०९ मतांवर होतो आणि त्यात ९४ म्हणजे दोनतृतीयांशांहूनही जास्त. छोट्या देशाची निम्मी मुत्सद्देगिरी इथेच असते: जो बाजूने येणार नाही, त्याला निदान तटस्थ ठेवायचे. आपल्याकडच्या सभांत मात्र बहुमत पुष्कळदा हजर संख्येवर काढतात, त्यामुळे तटस्थ मत विरोधात जाऊन पडते आणि हा डाव खेळताच येत नाही.

२५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिले. २२ मे २०१९ रोजी आमसभेने ब्रिटनला सहा महिन्यांत चागोस सोडायला सांगितले: ११६ विरुद्ध ६, तटस्थ ५६. त्या सहांत मालदीवही होता, कारण शेजारच्या समुद्रतळावरचा त्याचा स्वतःचा दावा अडकत होता. छोटे देश म्हणजे एक गठ्ठा नव्हे, हे भाषण लिहिताना विसरू नये.

सल्लागार मत बंधनकारक नसते. मुदत उलटली, ब्रिटन हलला नाही. पण पुढे काय झाले पाहा. जानेवारी २०२१ मध्ये सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या विशेष कक्षाने मालदीवसोबतच्या सीमावादात हेच मत आधाराला घेतले. त्याच वर्षी जागतिक टपाल संघाने चागोससाठी ब्रिटनने काढलेली टपाल तिकिटे मान्य करणे बंद केले. एवढेसे तिकीट, पण त्यावर कोणाचे नाव छापायचे ते ठरले. अखेर २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या करारावर सह्या झाल्या. त्यात सार्वभौमत्व मॉरिशसचे मानले आहे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे चालू ठेवण्याची तरतूद आहे. सही म्हणजे अंमल नव्हे, मंजुरीची पायरी वेगळी असते. शिवाय ज्यांना तिथून उठवले, त्या बेटवासीयांना वाटाघाटींच्या टेबलाशी जागा नव्हती. ही उणीव आम्हाला फार मोठी वाटते, आणि मॉरिशसची बाजू मांडणाऱ्या विद्यार्थ्यानेही ती लपवू नये.

आयोजकांना एवढेच सांगणे: नियमपत्रिकेत बहुमत ‘हजर राहून मत देणाऱ्यांच्या’ संख्येवर मोजा आणि ठराव गटाच्या नावाने मांडू द्या. तयारीसाठी मुलांच्या हाती देशाचा झेंडा आणि राजधानी देण्याऐवजी त्या देशाच्या गेल्या दहा वर्षांतल्या मतांची यादी आणि मतामागची कारणे सांगणारी त्याची निवेदने द्या. संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात.

आपले,
आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणारे काही अध्यापक,
इंदूर