चुलीचे तीन चिरे

१५ जून, रात्री

प्रिय सुऱ्या,

गणपतीत लिहीन, दिवाळीत लिहीन, शिमग्यात तरी लिहीन असं करता करता मिरग आला. शिव्या उत्तरात घाल, एकदम मोजून घेईन. माझी साखर आटोक्यात, हिची कंबर आहे तशीच, आईला ऐकू येत नाही पण नको ते बरोबर ऐकू येतं. झालं खुशालीचं.

काल रात्री आबा माझ्या चुलीशी बसून जेवला.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर म्हणेल, मग काय झालं? तू मात्र उठून बसला असशील.

परवापासून नुसता कोसळतोय. व्हाळ फुगला, मळ्यात पाणी शिरलं आणि मासे चढायला लागले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, बाजारात बर्फातली शिळी सुरमई सोन्याच्या भावात, त्यामुळे जो तो टॉर्च घेऊन व्हाळात. मीही बाबांचा पाग काढला. उंदरांनी तीन ठिकाणी कुरतडलेला. तरी सात-आठ खवळे, ओंजळभर मळवे आणि एक चांगली वीतभर शेंगटी मिळाली. बहुतेकांच्या पोटात गाबोळी. दोन खवळे सोडून दिले. हसू नकोस, खरंच सोडले. बिचारे अंडी घालायला वर येतात आणि आपण वाटेतच टोप घेऊन बसलेले. आपल्या वेळी घमेलंभर मिळायचे, आता का मिळत नाहीत हे विचारायला नको.

घरात नदीचा मासा शिजणार नाही हा हिचा कायदा तुला ठाऊक आहे. म्हणून मांगराच्या पडवीत चूल मांडायची ठरवली. आता चुलीला दगड हवेत. व्हाळातला गोटा घ्यायचा नाही, हे १९८७ साली तूच शिकवलंस आम्हाला. गुळगुळीत, देखणा गोटा घेऊन आलास, आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, फटाक्यासारखा फुटला आणि टोप आडवा. (तू अजून म्हणतोस की टोप मी लाथाडला. साफ खोटं.) म्हणून मी वळचणीखालचे, त्यातल्या त्यात सुके, तीन चिरे काढले. गडग्याचे.

हो, आबाच्या आणि माझ्या हद्दीवरच्या त्याच दगडी गडग्याचे. नऊ वर्षं कोर्टात असलेल्या.

दोन बाजूंना दोन, मागे एक, टोपाचं बूड तिन्हींवर टेकेल असं. खाली चार बोटं हवा. नारळाची सोडणं, करवंट्या, वर दोन फाटी. पण सगळं सर्दावलेलं, नुसता धूर. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज.

"चिरे खंयचे रे?"

"माझे," म्हटलं.

छत्री घेऊन आला. टॉर्च आधी चिऱ्यांवर मारला, मग माशांवर, मग माझ्या तोंडावर. वाटलं, आता फोटो काढणार आणि वकिलाला पाठवणार. तर म्हणतो, "तोंड फिरव चुलीचा. धूर तुझ्याच डोळ्यांत जातलो." आणि पेटती सोडणं बाजूला ओढून, गोणपाटात धरून, एकेक चिरा स्वतःच्या हाताने फिरवला. चुलीचं तोंड वाऱ्याला आडवं झालं आणि दोन मिनिटांत जाळ लागला. मग न विचारता शेंगटी उचलली. राखेत घोळवून तिचा सगळा बुळबुळीतपणा काढला, काट्याच्या बाजूला बोट न नेता. वहिनी गेल्यापासून एकटाच रांधतो ना. मी बाराव्यालाही गेलो नव्हतो, सुऱ्या. ते तुला मी कधी कळवलं नव्हतं.

तिखलं केलं. लसूण, तिखट, हळद, सोलं, ठेचलेली तिरफळं, खोबरं नाही. मळवे मीठ-आगळ लावून केळीच्या पानात, निखाऱ्यावर. पान करपून काळंठिक्कर, आत मासा पांढराशुभ्र. ताट एकच होतं, ते त्याला दिलं. भात उकड्या तांदळाचा. दोघंही बोलत नव्हतो, काटे काढायचं निमित्त होतं. मधेच, वर न बघता, म्हणाला, "सुऱ्यान दोरी खंय धरलेली रे?"

तुला कळलं असेल. मला दोन घास जाईपर्यंत कळलं नाही. गोटा फुटला त्याच वर्षी चुलीसाठी आपण गडग्याचे खालचे चिरे उपसले, पावसात गडगा बसला, आणि बाबांनी आपल्या तिघांना तो दहा हातांचा तुकडा परत रचायला लावला. आबाने चिरे वाहिले, मी रचले, ओळ सरळ ठेवायची दोरी तुझ्याकडे. आणि तू दुसऱ्या हाताने गरे खात होतास!

नऊ वर्षं प्रत्येक तारखेला मी सांगतो की गडगा त्यांनी सरकवला, तो सांगतो आम्ही. भांडण दीड हाताचं. तिथे एक माड धड उभा राहणार नाही, पण माझ्या वकिलाच्या मुलीचं इंजिनीअरिंग त्या दीड हातात झालं.

पुढच्या मंगळवारी तारीख आहे. ही म्हणते, "एका तिखल्यावर जमीन देऊन याल." तिचंही चुकत नाही. आबा खरंच आठवून बोलला, की माझ्या तोंडून काही काढून घ्यायला आला होता? त्याची बाजू लंगडी पडली असेल का? की माझ्यासारखाच कंटाळलाय? रात्रभर हेच. आणि सकाळी बघतो तर तिन्ही चिरे गडग्यावर परत बसवलेले. मी नव्हते ठेवले. काजळीची बाजू माझ्याकडे. आता याचा अर्थ काय लावायचा, सांग.

सोनूचं ठरल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख मे महिन्यातली धर, आंबे घेऊन येतो. गुडघ्याचे व्यायाम कर, वहिनींना छळू नकोस.

पण दोरी कुठे धरली होतीस? जांभळीच्या मुळाशी, की खुंटीला? पत्र मिळालं की फोन कर, रात्री आठनंतर. रेंज फक्त गडग्यावर चढलं की येते, आणि आबाही त्याच वेळी तिथे चढतो.

तुझा,
नाना