सूचना: शहीद जवानांच्या कुटुंबांचे सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्ड

सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ अशा केंद्रीय दलांतील शहिदांच्या, फॅमिली पेन्शन घेणाऱ्या कुटुंबांसाठी ही सूचना आहे. राज्य पोलिसांच्या कुटुंबांना ती लागू नाही.

कार्डाची वर्गणी पेन्शनवर नव्हे, जवानाच्या शेवटच्या पे लेव्हलवर (वेतनस्तरावर) ठरते. लेव्हल १ ते ५ ला महिना २५० रुपये, म्हणजे वर्षाला ३,०००. दहा वर्षांचे ३०,००० एकदम भरले की कार्ड आजन्म. जमत असेल तर हेच करा. दरवर्षी नूतनीकरण विसरले की नेमके आजारपणात कार्ड बंद सापडते.

अर्ज बहुतेक वेळा नावावर अडतो. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’ एवढाही फरक पुरतो, तेव्हा आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून जुळवा.

मुंबई, पुणे, नागपूरसारख्या सीजीएचएस शहरांपासून दूर, गावाकडे राहणाऱ्यांनी ओपीडीसाठी महिना १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता चालू ठेवून कार्ड फक्त भरती उपचारांसाठी घ्यावे. ओपीडीही घेतली तर भत्ता सोडावा लागतो.

मुलाचे नाव २५ वर्षे, नोकरी किंवा लग्न, जे आधी होईल तोवरच राहते. मुलीला वयाची अट नाही. कमावती होईपर्यंत किंवा लग्नापर्यंत. दिव्यांग मुलाचे प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडा.